आधी भिंत, मग फरशी

जुनं दगडी घर दुरुस्त करायला काढलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती फरशीची. कुणाला चकचकीत पांढरी टाइल हवी असते. कुणाला आजोबांच्या वेळची शहाबादी जशीच्या तशी ठेवायची असते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावठाणांत अशी घरं अजून पुष्कळ आहेत: दोन-दोन हात रुंद काळ्या दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद, दारात ढाळज, मधोमध चौक. त्यांचे मालक आज दोन टोकांच्या मधे अडकलेले दिसतात. एक तर घर पाडून स्लॅबचं बांधायचं, नाहीतर आहे त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून खाली नवी टाइल टाकायची.

तिसरा मार्ग आहे, आणि तो परवडणारा आहे. फक्त त्यात कामांचा क्रम मोडून चालत नाही. आधी छताचं ओझं उतरवायचं, मग भिंत बांधून घ्यायची, मग ओलीला बाहेर पडायला वाट करून द्यायची. फरशी सगळ्यात शेवटी. कोणती फरशी घालायची हा प्रश्न दुकानात गेल्यावर सुटत नाही. भिंतीत आणि जमिनीखाली काय चाललं आहे ते कळलं, की तो बराचसा आपोआप सुटतो.

घर उभं कशावर आहे

मराठवाड्यात घर खणांनी मोजतात. दोन लाकडी खांबांमधली जागा म्हणजे एक खण. त्यावरून घर पाच खणी की सात खणी ते ठरतं. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांचं किंवा काटक्यांचं किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर, असं माळवद रचलेलं असतं. धूर जायला आणि उजेड यायला त्यात एक साणं ठेवलेलं असतं, पावसाचं पाणी काढायला कडेला पन्हाळी असतात.

माळवदावर पडते ती पांढरी माती. गाव ज्या उंचवट्यावर वसतं ती पांढरी आणि शेतं असतात ती काळी, ही जुनी विभागणी बांधकामालाही लागू पडते. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते, म्हणून छतावर तिचा उपयोग नाही. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींचा चुरा मिसळलेला असतो. ती तेवढी फुगत नाही, दाबून बसते आणि पाणी अडवते.

भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बहुतेक घरांत ती दोन पदरांची असते. बाहेरच्या पदराचे दगड दर्शनी बाजूनं घडवलेले, आतला पदर ओबडधोबड, आणि दोहोंच्या मधे चिपा, खडे आणि माती यांची भरण. दगड जागेनुसार बदलतो. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराच भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या बसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, उभा आहे. देगलूर-बिलोलीकडे लाव्ह्याची चादर संपते आणि तिच्याहून पुरातन ग्रॅनाइट वर येतो. दगड कोणताही असो, भिंतीचं बळ त्याच्या कठीणपणात नसतं. दोन पदर एकमेकांना किती धरून आहेत, यात ते असतं.

किल्लारीनं शिकवलेलं

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटं. औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात जगात इतरत्र यापेक्षा फार कमी माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. मग इथे एवढा संहार का झाला?

पहिलं कारण वेळ. माणसं घरात झोपलेली होती. दुसरं कारण भिंतीची रचना. हादऱ्यानं दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधली माती खाली बसली, तिनं पाचरीसारखा दाब दिला आणि भिंती आतबाहेर कोसळल्या. तिसरं कारण डोक्यावरचं ओझं. माळवदाची टनावारी माती तुळयांसह खाली आली. काही घरांत मात्र भिंती पडल्या आणि लाकडी खणांचा सांगाडा माळवद पेलून तसाच उभा राहिला. त्या घरांकडे नीट पाहिलं असतं, तर पुढच्या दुरुस्तीचं निम्मं शास्त्र तिथेच हाती लागलं असतं.

तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग एकमध्ये होता. २००२ साली भूकंपासाठीचं भारतीय मानक क्रमांक १८९३ सुधारलं गेलं, तेव्हा विभाग एक रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर विभाग तीनमध्ये गेला. दगड-मातीच्या बांधकामासाठीचं मानक १३८२८ आणि जुन्या इमारती बळकट करण्यासाठीचं मानक १३९३५ ही दोन्ही पहिल्यांदा १९९३ सालीच निघाली. म्हणजे उपाय कागदावर आले होते. गावातल्या गवंड्याच्या हातापर्यंत ते पोचले नव्हते.

राज्य शासनानं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि १३ जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त करून बळकट करण्याचं काम निघालं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना त्यात ओढलं. संवाद सहायक म्हणून काम करणाऱ्या बायका घरोघर जाऊन अनुदान कसं मिळतं, भिंतीत काय घालायचं, गवंड्याकडून काय करवून घ्यायचं, हे समजावून सांगत होत्या. तरीही अनेक कुटुंबांनी जुनी भिंत बळकट करण्याऐवजी शेजारी विटांची नवी खोली बांधणंच पसंत केलं. ज्या भिंतीखाली आपली माणसं गेली, तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवायला मन धजावत नव्हतं. ही भीती खरी होती आणि तिचा मान राखायला हवा. पण तिच्या पोटी दगडावर आलेला आळ मात्र चुकीचा आहे. जीव घेतला तो न बांधलेल्या दगडानं आणि वाढत गेलेल्या मातीनं. दोन्हींवर इलाज आहे.

पहिलं काम: माळवद हलकं करणं

माळवद गळू लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर टाकायचा, अशी रीत. जुना थर कुणी काढत नाही. त्यामुळे आजोबांच्या काळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळी हातभर होतो. दाबून बसलेल्या एका घनमीटर मातीचं वजन १,६०० ते १,८०० किलो भरतं. थर अर्धा मीटर जाड झाला असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर ८०० ते ९०० किलो भार येतो. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर हा हिशेब जवळपास दहा टनांवर जातो. ओली झालेली माती याहून जड. तोच थर २० सेंटिमीटरवर आणला तर चार टन उरतात. घराला भूकंपात बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून उतरवलेलं प्रत्येक टोपलं भिंतीच्या आणि आतल्या माणसांच्या कामी येतं.

माती काढायची ती मधून कडेकडे किंवा एका टोकाकडून भराभर नव्हे. दोन्ही बाजूंनी सारखी काढत जायचं आणि त्याआधी खालून तुळयांना धिरे द्यायचे. माती निघाली की लाकूड उघडं पडतं. हीच ते तपासायची संधी. तुळईचं जे टोक भिंतीत शिरलेलं असतं तिथे ओल साचून कूज आणि वाळवी लागते. मधला भाग ठणठणीत असला तरी टोक सळईनं टोचून पाहावं. सळई सहज आत गेली तर तेवढा भाग बदलावा किंवा तिथे नवा खांब द्यावा. सागाची जुनी तुळई पूर्ण फेकून देण्याइतकी खराब क्वचितच असते. पुन्हा माती टाकताना ती पातळ थरांत, पन्हाळीच्या दिशेनं ढाळ देऊन, चोपून बसवावी. मधे पाणी अडवणारा कागद अंथरला तर थर जाड करण्याची गरजच उरत नाही.

खांब आणि तुळई जिथे मिळतात तो सांधा बहुधा नुसता टेकवलेला असतो. घर डोललं की तो निसटतो. दोन्ही बाजूंनी लाकडाचे किंवा लोखंडी अँगलचे तिरपे टेकू बोल्टनं आवळले की खण चौकटीसारखा एकत्र हलतो. खर्च थोडा आणि फायदा मोठा असं यासारखं दुसरं काम नाही.

दुसरं काम: भिंत बांधून घेणं

भिंत फुगली आहे का, ते ओळंबा लावून कळतं. हातोडीनं हलके ठोकत गेलं की जिथे पदर सुटला आहे तिथे बद्द आवाज येतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे आणि आधी तिचं कारण शोधायला हवं. फार फुगलेला भाग उकलून, छताला धिरे देऊन, पुन्हा रचण्याला पर्याय नाही. पुन्हा रचताना दगडांना नंबर घातले तर दर्शनी बाजू होती तशी उभी राहते.

जी भिंत सरळ आहे तिला आरपार दगड लागतो, म्हणजे दोन्ही पदरांना एकत्र धरणारा, भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड. मानक १३८२८ नुसार असे बंध उभ्या दिशेत दर ६० सेंटिमीटरवर आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १२० सेंटिमीटरवर हवेत. नवी भिंत रचताना लांब दगड घालता येतो. उभ्या भिंतीत दुसरी युक्ती वापरतात. एक दगड हळूच काढून हातानं आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मधे जरा अरुंद. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. हे बंध एकाआड एक करायचे. सगळी भोकं एकदम पाडली तर तोल गेलेली भिंत त्याच दिवशी खाली येईल. हातोडा-छिन्नीनं जोरात ठोकण्याऐवजी सळईनं दगडाभोवतीची माती मोकळी करत गेलं तर भिंत हादरत नाही.

याशिवाय दारं-खिडक्यांच्या वरून आणि छताखालून घराला सलग पट्टा हवा. जुन्या घरात तो भिंतीच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी ठोकून, त्यावर वीतभर रुंदीचा सिमेंटचा थर देऊन करता येतो. दोन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीतून आरपार जोडलेल्या असाव्यात आणि कोपऱ्यावर पट्टा तुटता कामा नये, कारण भूकंपात आधी कोपरेच उघडतात. बंध कुठे, पट्टा कुठे आणि किती, हे इमारतीच्या बळाचा अभ्यास केलेल्या अभियंत्याकडून घर पाहून ठरवून घ्यावं. त्याची फी ही या कामातली सर्वांत सार्थकी लागणारी रक्कम आहे.

तिसरं काम: ओलीची वाट मोकळी करणं

सिमेंट वापरायचं ते इथपर्यंतच, म्हणजे बंध आणि पट्टे यांपुरतं. बाकी भिंतीला ते नको, आणि याचं कारण पाण्याच्या प्रवासात आहे. जमिनीतली ओल मातीच्या भरणीतून वर चढते. काळा पाषाण घट्ट असल्यामुळे ती दगडातून फारशी जात नाही, तर दगडांमधल्या दरजांतून बाहेर येऊन हवेत उडून जाते. दरजा सिमेंटनं भरल्या किंवा सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते. मग ओल आतच साचते, मधली माती मऊ पडते, क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. बाहेरून भिंत नवी दिसत असते आणि आतून ती कमजोर होत जाते.

चुना ही वाट मोकळी ठेवतो. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान आठवडाभर, शक्यतो त्याहून जास्त, मुरवत ठेवायचा. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, मिसळून तो घाणीत मळायचा. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालण्याची जुनी पद्धत आजही संवर्धनाच्या कामांत वापरात आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. काम झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस तरी तो ओला ठेवावा लागतो.

म्हणून आपल्याकडे चुन्याच्या कामाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास धरावा. तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि ऊन बेताचं असतं. एप्रिल-मे महिन्यांत काम काढलं तर चुना कोरडा पडून भुसभुशीत होतो आणि पाण्याचाही प्रश्न येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात बांधकामाचं वेळापत्रक पाण्याकडे बघूनच आखावं.

भिंतीच्या पायथ्याशी आणखी एक गोष्ट घडलेली असते. गावठाणातला रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो आणि प्रत्येक वेळी थोडा उंचावतो. घराचं जोतं तिथेच राहतं. एके काळी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर असलेली ढाळज आता रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली आलेली दिसते आणि पावसाचं पाणी सरळ भिंतीच्या मुळाशी मुरतं. पायथ्यालगत चर खणून, त्यात खडी भरून, ढाळ देऊन पाणी नालीकडे काढलं, तर घरातली निम्मी ओल तिथेच थांबते. हे न करता आत कितीही भारी फरशी घातली तरी तिचे सांधे काळे पडतच राहणार.

फरशीच्या खाली काय आहे

आता जमिनीकडे वळू. जुनी फरशी उकलण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारावा: पेव कुठे होतं? ज्वारी साठवण्याचे हे भूमिगत खड्डे मराठवाड्यात घरात, चौकात किंवा दारासमोर असत. वापर थांबला की तोंडावर दगड ठेवून वरून जमीन केली जाई. असं विसरलेलं पेव नव्या फरशीखाली राहिलं तर एखाद्या पावसाळ्यात जमीन खचते. पहारीनं ठोकत गेलं की पोकळ आवाजावरून ते सापडतं. सापडलं तरी त्यात उतरायचं नाही. बंद पेवात प्राणवायू नसतो आणि त्यात उतरलेली माणसं गुदमरून गेली आहेत. तोंड उघडून हवा खेळू द्यावी आणि वरूनच मुरूम टाकत, पाणी मारत, थरांथरांनी चोपून ते भरावं. भिंतीत चिणलेलं बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी, असेल तर त्याच्या बुडाशी उंदरांनी पोखरलेलं असतं, तेही बुजवावं.

ओल किती आहे हे पाहायला एक सोपी चाचणी पुरते. जुन्या जमिनीवर मीटरभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकट पट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवावा. खालच्या अंगाला थेंब जमले तर जमीन पाणी वर ओढते आहे. नव्या घरांत अशा वेळी फरशीखाली प्लास्टिक अंथरतात. जुन्या दगडी घरात ते करू नये, कारण अडवलेली ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढते.

खरा उपाय भरणीत आहे. जुनी जमीन साधारण हातभर खोदून काढावी. तळाला काळी माती लागली तर ती काढून टाकावी, कारण फुगणाऱ्या मातीवर कोणतीही फरशी सपाट राहत नाही. मग मुरमाचा थर चोपून घ्यावा. त्यावर उभ्या दगडांचं सोलिंग, आणि त्यातल्या फटी बारीक मातीनं न भरता मोकळ्या ठेवाव्यात. या पोकळ्यांमुळे पाण्याचं वर चढणं तुटतं. वर विटांचे तुकडे आणि चुना यांचा तीन-चार इंच कोबा. एवढं झालं की फरशी बसवायला जमीन तयार.

आता फरशी

नांदेड-लातूरकडच्या घरांत शहाबादी फरशी इतकी रुळली, यामागे भूगोल आणि इतिहास दोन्ही आहेत. शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, तांदूर तेलंगणात. नांदेड आणि लातूरसह हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दोन्हीकडच्या दगडाच्या खाणी लातूरपासून दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहेत, आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचल्यावर जड माल आणणं सोपं झालं. हा दगड चुनखडीचा. आपल्याकडचा लाव्हा पसरण्याच्या फार आधी समुद्राच्या तळाशी तो थराथरानं साचला, म्हणून पापुद्र्यासारखा सरळ सुटतो आणि फारसं न घडवता लादी तयार होते. शहाबादी करडी-निळसर, तांदूरची निळी आणि पिवळसर अशा दोन रंगांत मिळते.

जुन्या घरासाठी पहिली पसंती या दोघींना द्यावी. त्या चुन्यावर बसतात, चुन्याच्याच दरजेतून ओलीला वाट देतात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पायाला गार लागतात आणि झिजल्या तरी पुन्हा घासता येतात. एक उणीव मात्र लक्षात ठेवावी. चुनखडीचा दगड आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, ॲसिड यांचा डाग त्यात उतरतो, म्हणून स्वयंपाकघरात सांडलेलं लगेच पुसावं आणि ॲसिडनं फरशी धुण्याची सवय सोडावी.

नवी लादी विकत घेण्याआधी जुनीच काढून पाहावी. वरचं तोंड झिजून खड्डे पडले असले तरी खालचं बहुधा कोरं असतं. लादी उलटी करून, कडा नीट करून पुन्हा बसवता येते. उकलतानाच खडूनं नंबर घालून कागदावर नकाशा काढला तर मोठ्या लाद्या आपल्या जागी परत जातात. फुटलेल्या लाद्यांचे तुकडे न्हाणी किंवा परसदारी वापरता येतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या काही घरांत, विशेषतः व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत आणि दिवाणखान्यांत, नक्षीच्या सिमेंट टाइल सापडतात. या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून, वर जाडं मिश्रण भरून, दाब देऊन त्या घडवतात. आधी अशा टाइल युरोपातून येत. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्ज या स्वदेशी कंपनीनं त्या इथेच बनवायला घेतल्या आणि आजही ती त्या बनवते. घरात अशा टाइल असतील तर त्या काढूच नयेत. मळलेली नक्षी बारीक घासून पुन्हा उजळते. दोन-चार फुटल्या असतील तर कोपऱ्यातल्या, कपाटाखालच्या टाइल तिथे आणाव्यात आणि कोपऱ्यात साधी लावावी. मोझॅकलाही हेच लागू आहे. घासून पॉलिश केलेला मोझॅक नव्यासारखा दिसतो.

राहिली विट्रिफाइड टाइल. ती कठीण असते, डाग धरत नाही आणि स्वस्तातही मिळते. पण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषणं हीच तिची ओळख आहे, म्हणजे ओलीला ती पूर्ण झाकण घालते. जुन्या घरात तिच्याखाली कोंडलेली ओल भिंतीच्या पायथ्याशी फुटून येते. नव्यानं बांधलेल्या, वेगळ्या पायाच्या खोलीत ती घालायला हरकत नाही. दगडी घराच्या मूळ खणांत मात्र नको.

खोलीगणिक सांगायचं तर ढाळज आणि चौक यांना जाड, खरबरीत तोंडाची शहाबादी, पॉलिश न केलेली. चौकाला दर साठ-सत्तर इंचांना एक इंच असा ढाळ हवा. माजघराला आणि देवघराला हलकं पॉलिश केलेली तांदूर किंवा जुनी उलटवलेली लादी. न्हाणीत पाय घसरणार नाही असाच खडबडीत दगड. स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा चालतो, पण तोही चुनखडीचाच, म्हणून आंबटाची काळजी तीच.

बसवताना लादीखाली चुन्याचा थर सलग असावा. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून मधे पोकळ सोडलेली लादी पुढे जड वस्तू पडली की तडकते. पातळी पाण्याच्या नळीनं तपासावी, काटकोन गुण्यानं. भिंतीलगत बोटभर फट ठेवून ती चुन्यानंच भरावी, म्हणजे भिंत आणि फरशी थोड्या हलल्या तरी एकमेकींना ढकलत नाहीत. काम झाल्यावर निदान आठवडाभर त्यावर वावर नको.

पैसे कमी पडले तर

दुरुस्ती करणाऱ्या बहुतेक कुटुंबांना सगळं एकदम करणं जमत नाही, आणि नेमक्या इथेच क्रम चुकतो. फरशी दिसते, पाहुण्यांना दाखवता येते, म्हणून हातातले पैसे आधी तिच्यावर जातात. भिंतीतले बंध आणि माळवदातून उतरलेली माती कुणाला दिसत नाही. म्हणून वडिलोपार्जित दगडी घरात राहणाऱ्या प्रत्येकाला आग्रहानं सांगायचं ते हे: पहिल्या वर्षी माळवद हलकं करा आणि खांब-तुळयांना टेकू द्या. दुसऱ्या वर्षी आरपार बंध आणि पट्टा घाला, पायथ्याचं पाणी काढा, सिमेंटच्या दरजा उकलून चुना भरा. तोवर खाली शेणानं सारवलेली जमीन असेल तर त्यात कमीपणा काही नाही. सारवलेली जमीन ओलीला वाट देते आणि भिंतीचं नुकसान करत नाही. तिसऱ्या वर्षी, भिंती एक पूर्ण पावसाळा पाहून कोरड्या राहिल्या की मग शहाबादीचा ट्रक मागवा. त्या वेळी निवडलेली फरशी पन्नास वर्षं टिकेल. आणि या प्रदेशाची जमीन पुन्हा हलली, तर त्या घरातल्या माणसांना बाहेर पडण्याइतका वेळ भिंत देईल. दुरुस्तीवर खर्च केलेल्या पैशाकडून याहून मोठी अपेक्षा नाही, आणि याहून कमीवर समाधान मानू नये.